ब्रिकबॅट

ब्रिकबॅट : फेकून मारायला हाती येणारा विटेचा तुकडा, या अर्थाचा इंग्रजी सामासिक शब्द. तो सोळाव्या शतकापासून लिखाणात आढळतो. ‘ब्रिक’ म्हणजे वीट. अडचण ‘बॅट’पाशी येते. आपल्याला लगेच क्रिकेट आठवते आणि विटेची बॅट करून हाणणे असा अर्थ लावला जातो. तो टिकत नाही. जुन्या इंग्रजीत ‘बॅट’ म्हणजे सोटा. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत त्याला ढेकूळ, तुकडा हा अर्थही चिकटला, आणि समासात आहे तो हाच. गवंडीकामात तो अजून चालतो : तोडलेली अर्धी वीट ‘हाफ बॅट’, पाऊण वीट ‘थ्री क्वार्टर बॅट’. वटवाघळाच्या ‘बॅट’शी त्याचे नाते नाही. ‘ब्रिक’ हा शब्द पंधराव्या शतकात इंग्रजीत रुळला. त्याचे मूळही बहुधा ‘तोडणे’ या अर्थाच्या जर्मानिक धातूत आहे.

शब्दाच्या घडणीत शस्त्र कुठेच नाही. ते वापरातून आले. अख्खी वीट मुठीत मावत नाही, अर्धी मावते. 1631च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या न्यायालयात शिक्षा झालेल्या एका कैद्याने न्यायमूर्ती रिचर्डसन यांच्यावर ब्रिकबॅट भिरकावला. नेम थोडक्यात हुकला. कैद्याचा उजवा हात तोडून फाशीच्या खांबाला ठोकला गेला आणि त्याच खांबावर न्यायालयासमक्ष त्याला लटकवले. ही क्रूर हकिकत इंग्रज वकिलांच्या त्या काळच्या फ्रेंचमध्ये (‘लॉ फ्रेंच’) टिपलेली आहे आणि त्या मोडक्यातोडक्या फ्रेंच वाक्यात ‘ब्रिकबॅट’ मात्र अस्सल इंग्रजी रूपातच बसला आहे. शब्द किती रुळला होता याचा याहून बोलका पुरावा नसेल.

त्याच शतकाच्या मध्यास कवी मिल्टनच्या वादग्रंथात तो शाब्दिक हल्ल्यासाठी आला. आज इंग्रजी वृत्तपत्रांत ‘ब्रिकबॅट’ म्हणजे बहुतेकदा बोचरी टीकाच. कौतुकाचे ‘बुके’ आणि टीकेचे ‘ब्रिकबॅट’ ही जोडी ठरून गेली आहे.

महाराष्ट्रात हा शब्द गच्चीवर पोहोचला. मुंबई-पुण्याच्या इमारतींत स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात उतार देऊन बसवतात, वरून गिलावा घोटून चौकटी आखतात आणि पाणी साठवून ते काम मुरू देतात. गळती रोखणाऱ्या या थराला ‘ब्रिकबॅट कोबा’ म्हणतात. त्यात ‘ब्रिकबॅट’चा मूळचा, बिनहत्याराचा अर्थ शाबूत आहे.