माळव्याची अफू आणि मुंबईचे शेठ

मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई हे नाव टाळून कोणाला फार दूर जाता येत नाही. भायखळ्याचे रुग्णालय त्यांच्या नावाचे, कलाशाळा त्यांच्या नावाची. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून झालेला. पुण्यात मुळा-मुठेवर जो बंधारा आहे, त्यालाही याच घराण्याच्या पैशाचा हातभार लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानातील सर्वांत धनवान व्यापाऱ्यांत जमशेटजींची गणना होई. पोरका झालेला एक मुलगा मामाच्या दुकानात बाटल्या विकता विकता ‘सर’ झाला, ही त्यांची कथा पुष्कळांना ठाऊक असते आणि तीत काटकसर, सचोटी व उद्यमशीलता या गुणांना भरपूर जागा मिळते. परंतु ज्या मालावर ही संपत्ती उभी राहिली, त्याचा उल्लेख मात्र बहुधा ओझरता येतो. तो माल अफू हा होता. आणि ही अफू मुंबईत पिकत नव्हती. ती पिकत होती इंदूर, उज्जैन, मंदसौर, रतलाम या बाजूच्या काळ्या जमिनीत, होळकरांच्या व शिंद्यांच्या मुलखात.

अफूचे पीक मोठे नाजूक आणि खर्चाचे. त्याला कसदार जमीन लागे, खत भरपूर लागे आणि विहिरीचे पाणी वेळेवर मिळावे लागे. दिवाळीच्या सुमारास पेरणी होई. माघ-फाल्गुनात फुले गळून बोंडे भरली, की दिवस कलताना त्यांना चिरा पाडीत आणि रात्रभर पाझरलेला चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घेत. माळव्यात तो वाळू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवण्याची चाल होती. गावच्या सावकाराकडून तो उज्जैन-इंदूरच्या वखारींत येई, तेथे मळून त्याचे गोळे करीत, ते अफूच्याच पाल्यात घोळीत आणि पेट्यांत भरीत. एका पेटीत सुमारे १४० पौंड माल मावे. शेतकऱ्याने पेरणीच्या वेळीच सावकाराकडून उचल घेतलेली असल्यामुळे भाव ठरविण्याची सत्ता पीक हाती येण्यापूर्वीच त्याच्या हातून गेलेली असे. उलट पेढ्यांवर उभ्या पिकाचे आणि पुढच्या वायद्याचे सौदे चालू असत. माळव्यातील सट्ट्याचे वेड पुढे देशभर गाजले. त्याचे मूळ या मालात आहे.

हा माल चीनपर्यंत का जाऊ लागला, हे समजण्यासाठी चहाकडे वळावे लागते. इंग्रजांना चिनी चहाची चटक लागली होती आणि चिनी लोकांना इंग्रजी मालाची फारशी गरज नव्हती. त्यामुळे चहाचे मोल रोख चांदीत मोजावे लागे. चीनमध्ये खपेल असा माल हिंदुस्थानातून न्यायचा, तो विकून आलेली चांदी कॅंटनमधील कंपनीच्या तिजोरीत भरायची, तिच्या बदल्यात लंडनवरची अथवा कलकत्त्यावरची हुंडी घ्यायची, आणि त्याच चांदीने कंपनीने चहा विकत घ्यायचा, अशी ही युक्ती होती. कापूस काही प्रमाणात खपे. अफू मात्र कितीही खपे. बिहार आणि बनारसकडील अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकातच आपल्या हाती घेतला होता आणि तिचा लिलाव कलकत्त्यात होई. चीनच्या बादशहाने अफूवर वारंवार बंदी घातलेली असल्याने कंपनी स्वतःच्या गलबतांतून ती नेत नसे. लिलावात घेणाऱ्या खासगी व्यापाऱ्यांनी पुढे काय करावे, याची विचारपूस तिने कधी केली नाही.

माळवा मात्र या मक्त्याच्या बाहेर होता. तेथील राज्ये कंपनीची नव्हती, सावकार कंपनीचे नव्हते, आणि त्यांची अफू बंगालच्या अफूपेक्षा स्वस्त पडे. म्हणून १८०३ साली कंपनीने मुंबईहून माळव्याच्या अफूची निर्यात बंद करण्याचा हुकूम काढला. व्यापार बंद झाला नाही, वाट तेवढी बदलली. दमण पोर्तुगीजांचे होते. गोवाही त्यांचेच, पण तेथे काही वर्षे इंग्रजांच्या फौजा तळ देऊन असल्यामुळे खरा ओघ दमणकडे लागला. मूळचा गोव्याचा, मुंबईत राहणारा रोजेरिओ द फारिया हा कॅथलिक व्यापारी या दमणच्या वाटेवरचा मोठा आसामी होता. पुढे तो दिवाळखोरीत बुडाला. आज त्याचे नाव अभ्यासकांखेरीज कोणाला आठवत नाही.

१८१८ साली मराठी सत्तेचा शेवट झाला आणि माळव्यातील संस्थाने कंपनीच्या छायेखाली आली. आता अफूही आपल्या मुठीत येईल, असा कंपनीचा होरा होता. तिने माळव्यातील माल स्वतः विकत घेऊन पाहिला, संस्थानिकांशी करार करून त्याच्या वाटा अडवून पाहिल्या. संस्थानिकांना जकातीचे उत्पन्न बुडवून घ्यायचे नव्हते, सावकारांना धंदा सोडायचा नव्हता. पालीवरून, जैसलमेरच्या वाळवंटातून उंटांचे तांडे कराचीस जात आणि तेथून समुद्रमार्गे पेट्या दमणला उतरत. एवढा वळसा घेऊनही नफा सुटे, यावरून त्या व्यापारातील लाभाची कल्पना यावी. अखेरीस १८३० च्या सुमारास कंपनीने हार मानली आणि दर पेटीस ठराविक कर भरून परवाना घेणाऱ्यास मुंबईची वाट मोकळी करून दिली. प्रारंभी हा कर १७५ रुपये होता. वाळवंटाची वाट तरीही स्वस्त पडते असे दिसताच तो १२५ वर आला. मात्र १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत तोच कर ४०० रुपयांवर जाऊन पोहोचला. जोखीम एका पैची न घेता सरकार या धंद्यातील सर्वांत मोठे भागीदार झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जमशेटजींचा उदय या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. त्यांचा जन्म १७८३ चा. १७९९ साली आईबाप दोघेही गेल्यावर ते मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्याकडे राहिले आणि लवकरच चीनच्या सफरींवर जाऊ लागले. अशा पाच सफरी त्यांनी केल्या. १८०५ साली ‘ब्रन्स्विक’ हे त्यांचे जहाज सिंहलद्वीपाजवळ फ्रेंचांनी पकडले आणि त्यांना सर्वस्व गमावून केप ऑफ गुड होपला जाऊन पडावे लागले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. संकटात जुळलेली ही ओळख पुढे दोघांनाही फळली. जार्डिनने डॉक्टरी सोडून व्यापार धरला आणि १८३२ साली कॅंटनमध्ये ‘जार्डिन मॅथेसन’ ही पेढी उभी राहिली. तिचा मुंबईतील मुख्य आधार जमशेटजी हेच होते.

नेपोलियनच्या युद्धांच्या काळात कापसाच्या व्यापाराने त्यांना पहिले भांडवल मिळवून दिले. १८१४ साली ‘गुड सक्सेस’ हे जहाज त्यांनी विकत घेतले. नंतर जहाजांची संख्या वाढत गेली. त्यांच्या भोवती जमलेली मंडळीही पाहण्यासारखी आहेत: माळव्यातील जैन सावकारांशी संधान असलेले मोतीचंद अमीचंद, जहाजांचे मालक असलेले कोकणी मुसलमान मोहम्मद अली रोघे, आणि दमणची वाट जाणणारा तो गोवेकर फारिया. पारशी, जैन, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा चौघांच्या ओळखीपाळखी एकत्र आल्या, तेव्हा कोठे बोंडातला चीक कॅंटनच्या खाडीपर्यंत पोहोचू लागला.

जमशेटजी अफूच्या सट्ट्यात श्रीमंत झाले, अशी समजूत असेल तर ती बरोबर नव्हे. उज्जैनच्या सावकाराचा माल चीनला जाऊन त्याचे पैसे परत येईपर्यंत वर्ष उलटे, कधी त्याहून अधिक काळ जाई. एवढा वेळ थांबण्याची ऐपत थोड्यांचीच. जमशेटजींची पेढी मालावर आगाऊ रक्कम देई आणि तिचे व्याज घेई. माल त्यांच्या जहाजातून गेला, तर भाडे त्यांना मिळे. माल दुसऱ्याचा असला, तरी अडत त्यांना सुटे. आणि चीनहून येणाऱ्या हुंड्यांच्या वटावात आणखी काही हाती लागे. कॅंटनला भाव कोसळला तर पहिला फटका माळव्यातील मालधन्यास बसे. भाव चढो वा उतरो, वाटेतील प्रत्येक नाक्यावर थोडे थोडे जमा होत राही. हे सारे चालण्यास एका गोष्टीची गरज होती, ती म्हणजे पत. हजारो कोसांवरच्या, कधीही न पाहिलेल्या माणसाने जमशेटजींच्या सहीवर पेट्या रवाना कराव्यात, इतकी ती मोठी होती. त्यांच्या सचोटीची कीर्ती खरी होती, आणि या धंद्यात तीच त्यांचे मुख्य भांडवल होती.

१८३० च्या दशकात चीनमध्ये माळव्याच्या पेट्या बंगालच्या पेट्यांच्या बरोबरीने, एखाद्या वर्षी त्यांहूनही अधिक उतरू लागल्या. तो माल उघड बंदरात उतरत नसे. लिंटिन बेटाजवळ नांगरलेल्या जुन्या जहाजांवर तो ठेवीत आणि चिनी दलाल अंमलदारांचे हात ओले करून रात्री होड्यांनी नेत. स्वतः पाच वेळा चीनची सफर केलेल्या जमशेटजींना हे ठाऊक नसेल, असे मानण्यास जागा नाही. १८३९ साली बादशहाचा कडक प्रतिनिधी लिन झेशू कॅंटनला आला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांना कोंडून २० हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि चुना-मीठ घालून समुद्रात सोडून दिल्या. त्यांतील मोठा भाग मुंबईच्या व्यापाऱ्यांचा होता. इंग्रज अधिकारी एलियट याने भरपाईचे वचन दिले होते. मुंबईच्या पेढ्यांवर हाहाकार झाला, लंडनला अर्ज गेले, आणि त्या भांडणातून युद्ध पेटले. १८४२ च्या नानकिंगच्या तहात चीनकडून अफूपोटी ६० लाख डॉलर वसूल करण्यात आले. व्यापाऱ्यांच्या पदरी पडले ते त्यांच्या खर्चाच्या मानाने फारच थोडे. त्याच १८४२ साली जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला. हिंदी माणसास मिळालेला हा पहिला.

यानंतरची त्यांची वर्षे अधिकतर दानधर्मात गेली. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसे बुडाल्यावर आवाबाईंनी रस्त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले, ते कोणाकडूनही पथकर घेऊ नये या अटीवर. १८४५ साली हा रस्ता आणि रुग्णालय दोन्ही लोकांस खुली झाली. १८५९ साली जमशेटजी वारले, तेव्हा त्यांच्या दानांची बेरीज २० लाखांच्या वर गेली होती. भायखळ्याला बरे झालेले रोगी खरे आहेत आणि लिंटिनच्या पलीकडे अफूने झिजलेली माणसेही खरी आहेत. एकाच्या जमेतून दुसऱ्याचा खर्च वजा करण्याचा हिशेब अनेकांनी मांडून पाहिला. तो जुळत नाही.

अफूची दोरी पुढे पारशी पेढ्यांच्या हातून सुटत गेली. आगबोटी आल्या, शिडांची जहाजे मागे पडली, आणि बगदादहून आलेल्या ससून घराण्याने माळव्यातच उचल देऊन माल बांधून घेण्यास आरंभ केला. पैसा मात्र मुंबईत राहिला आणि नव्या वाटा शोधू लागला. प्रेमचंद रायचंद हे कापूस, सोने-चांदी व अफू यांचे दलाल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाचे भाव भडकले आणि ते शहराचे अनभिषिक्त राजे झाले. बॅक बे भरणी कंपनीच्या ५ हजार भरलेल्या भागास ५० हजारांच्या आसपास भाव आला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील लढाई थांबली आणि १ जुलैला सारा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा मात्र उभा राहिला. त्याला प्रेमचंदांच्या मातोश्रींचे नाव आहे. त्याच काळात नसरवानजी टाटांची पेढी चीनशी कापूस व अफूचा व्यापार करीत होती. त्यांचे चिरंजीव जमशेटजी टाटा १८५९ साली हाँगकाँगला शाखा उघडण्यास गेले होते. १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली.

आणि माळवा? तेथील शेतकऱ्याच्या नावाची इमारत कोठे नाही. सावकारांच्या घरी मात्र लक्ष्मी नांदली. इंदूरचे शेठ हुकुमचंद यांची दौलत अफूच्या सौद्यांतच फुगली. १९०७ च्या करारानुसार हिंदुस्थानने चीनला जाणारी अफू दर वर्षी कमी करीत नेण्याचे कबूल केले आणि १९१३ मध्ये ती निर्यात थांबली. हुकुमचंदांनी तोपर्यंत कापसाकडे व गिरण्यांकडे मोर्चा वळविला होता. इंदूरात हुकुमचंद मिल उभी राहिली, हुगळीकाठी तागाची गिरणी निघाली, आणि शहरात आरशांनी मढविलेले काच मंदिर झाले, जे पाहण्यास आजही प्रवासी येतात. गिरणीच्या भोंग्यावर अर्धे इंदूर उठू लागले. त्यांत मराठी बोलणाऱ्या कामगारांची घरेही होती. १९९१ च्या डिसेंबरात ही मिल बंद पडली. कामगारांनी आपल्या थकलेल्या पगारासाठी न्यायालयाची वाट धरली. त्यांपैकी कित्येक निकाल न पाहताच गेले. २०२३ च्या डिसेंबरात सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम ४,८०० च्या घरातील कामगारांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी मोकळी झाली. मिल बंद पडल्याला तेव्हा ३२ वर्षे झाली होती.