सनद कुत्र्याला, जबाब मालकाचा

साताऱ्याच्या पूर्वेस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली हे क्षेत्र आहे. तेथील राजघराण्याच्या समाध्यांच्या परिसरात एक समाधी कुत्र्याची आहे. थोरल्या शाहूमहाराजांच्या या कुत्र्यास लोक 'खंड्या' म्हणतात. साताऱ्यास १८१८ ते १८२२ पर्यंत इंग्रजांचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात या कुत्र्याची हकीकत दिली आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचे प्राण वाचविले. महाराजांनी त्यास जहागिरीची रीतसर सनद करून दिली आणि पालखीचा मान दिला. डफला ही राजाची लहर वाटली. आम्हांस मात्र यात निराळीच गोष्ट दिसते. वाघाला न डरणारे कुत्रे काही गरीब गाय नव्हे. त्याच्या दातांना धन्याचा लगाम होता, म्हणूनच त्याच्या वाट्यास कीर्ती आली.

कुत्र्याच्या दातांचा हिशेब जातीकडे मागावा की धन्याकडे, हा वाद आज पुन्हा उभा राहिला आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री बंद करण्यास सांगितले. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच हे पत्र काढले गेले, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द ठरविले. पत्र गेले, प्रश्न राहिला.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले होते. याज्ञवल्क्य स्मृती सांगते की, दाताच्या किंवा शिंगाच्या जनावराच्या तावडीतून माणसाला सोडविण्याची शक्ती असूनही जो मालक सोडवीत नाही, त्याला 'प्रथम साहस' नावाचा दंड करावा. सापडलेल्या माणसाने ओरडूनही तो हलला नाही, तर दंड दुप्पट. याच स्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. स्मृतीकाराने जनावराचे कूळ विचारले नाही. धनी काय करीत होता, एवढेच विचारले. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतील २८९ वे कलमही हेच विचारी, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेचे २९१ वे कलमही हेच विचारते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग जातीला काहीच अर्थ नाही काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जबड्याची ताकद सर्व कुत्र्यांची सारखी नसते, आणि ज्याच्या घरचे मूल फाडले गेले त्याला तत्त्वज्ञान ऐकवू नये. पण जात तरी कोणी घडविली? इंग्लंडात बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ १८३५ साली कायद्याने बंद झाला. शौकीन लोक कुत्र्यांच्याच झुंजी लावू लागले, आणि त्या झुंजींसाठी पिटबुलचे पूर्वज निपजविले गेले. म्हणजे जात ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या मालकांचीच करणी.

याची दुसरी बाजू सांगली जिल्ह्याजवळच पाहावयास मिळते. हा जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा निघाला आणि १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' म्हणून ओळखला गेला. त्याच्या जत भागातील दुष्काळी माळावर लांब तोंडाचे, सडपातळ कारवानी कुत्रे सशामागे धावले. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात त्याच वळणाच्या कुत्र्यास राजाश्रय मिळाला, आणि २००५ साली मुधोळच्या कुत्र्याचे चित्र भारताच्या टपाल तिकिटावर आले. इथल्या मालकांना झुंज नको होती, धाव हवी होती; त्यांनी ती जोपासली. पण हाच माळावरचा धावपटू फ्लॅटच्या गॅलरीत दिवसभर साखळीने बांधला, तर त्याचाही स्वभाव बिघडल्यावाचून राहणार नाही.

केवळ बंदीने काय साधते, हे परदेशांनी पाहिले आहे. ब्रिटनने १९९१ साली चार जातींवर बंदी घातली. २०२३ साली यादीत आणखी एक जात घालावी लागली. हॉलंडने १९९३ साली पिटबुलवर घातलेली बंदी चावे कमी होईनात म्हणून २००८ साली उठविली. यादी वाढते, आणि बेफिकीर माणूस यादीबाहेरचे कुत्रे घेऊन मोकळा होतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की कुत्रे पाळणे हा खाजगी शौक असला, तरी त्याचे दात सार्वजनिक आहेत. नगरपालिकेत नोंद, रेबीजची लस, रस्त्यावर साखळी, आणि चावा झाल्यास औषधपाण्याचा खर्च, एवढे मालकाकडून घेतलेच पाहिजे. शेजारी तक्रार घेऊन आला म्हणजे "आमचा काही करीत नाही हो" असे हसून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. शेजाऱ्याची ती तक्रार म्हणजे स्मृतीकाराने सांगितलेला ओरडाच होय. तो ऐकूनही जो जागचा हलत नाही, त्याचा दंड दुप्पट.