ऑपरेशन टेबलावरची थंडी
१८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरनं शस्त्रक्रियेतली वेदना थांबवली, हे आपल्याला माहीत आहे. पण भुलेचा आणखी एक परिणाम आपण फार उशिरा मोजला. भुलेत त्वचेच्या रक्तवाहिन्या सैलावतात, पोटा-छातीतली ऊब हातापायांकडे पसरते. तासाभरातच आतलं तापमान एखाद अंशानं उतरतं. त्यात थिएटर गार! रुग्ण कुडकुडला तर 'होतंच तसं' म्हणून आपण सोडून द्यायचो. १९९६मध्ये आंद्रेआ कुर्झ, डॅनियल सेसलर आणि लेनहार्ट यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेचे २०० रुग्ण अभ्यासले. गार पडलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. गरम हवेनं ऊबदार ठेवलेल्यांत फक्त ६. का? तर गारठ्यानं जखमेला रक्त आणि प्राणवायू कमी पोचतो. तेव्हा पांघरूणही आपण उपचारांतच धरायला हवं.