दिनविशेष : ११ डिसेंबर – दिल्लीतला जागतिक कृषी मेळा

११ डिसेंबर १९५९. नवी दिल्लीत जागतिक कृषी मेळा सुरू झाला. भरवला होता भारत कृषक समाजाने, आणि त्यामागची जिद्द अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांची. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उद्घाटनाला हजर होते. उपाशी मुलांची भूक मिटवण्याची ताकद आता विज्ञानाच्या हाती आली आहे, असे आयझेनहॉवर म्हणाले. मिनोरू यामासाकी यांनी उभारलेल्या अमेरिकी दालनावर सोनेरी घुमट होते.

हा सोहळा तेव्हाच्या वृत्तपटांत टिपला गेला. ती फिल्म आज कराडकरांनी आवर्जून पाहावी. परदेशी गव्हावर अवलंबून असलेल्या देशाला प्रगती कशी दिसत होती, ते तिच्यात कळते: यंत्र, खत, भरघोस पीक. यातले बरेचसे कृष्णाकाठी खरे झाले. ऊस आला, कारखाने आले, घरात पैसा आला. पण वाळवा, मिरजेकडच्या शेतांत जादा पाण्याने क्षार वर आले आणि काळ्या रानावर पांढरा थर चढला. या किमतीची कल्पना त्या मेळ्यातल्या स्वप्नात कुठे होती?

कराडला यशवंतराव चव्हाणांच्या नावाने कृषी प्रदर्शन भरते. तिथे नव्या ट्रॅक्टरभोवती गर्दी असतेच, आणि ती असावीही. शेजारी एका पडद्यावर १९५९ ची ही दृश्ये दाखवावीत आणि निचऱ्याच्या चराचा एक नमुनाही मांडावा.