वृद्धाश्रमात खरूज: एकट्याला मलम लावून भागत नाही

वृद्धाश्रमात एका आजोबांना खाज सुटली की “उष्णता असेल” म्हणून पावडर लावली जाते, आणि तिथेच वेळ जातो. खरूज होते ती कातडीत बीळ करणाऱ्या बारीकशा किड्यामुळे. रात्री खाज वाढते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कंबरेला पुरळ येतं.

अडचण अशी, की पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात. तोवर ती अंघोळ घालणाऱ्या मावशींपर्यंत पोचलेली असते. म्हणून खाज असो वा नसो, सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ५ टक्के परमेथ्रिन मलम रात्री सर्वांगाला लावून सकाळी धुतात, साधारण आठवड्याने पुन्हा. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. गोधडी धुता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावी. अंगावरून सुटलेला किडा २-३ दिवसच तगतो.

अंथरुणाला खिळलेल्यांकडे जास्त लक्ष हवं. त्यांना कधी खाज फारशी नसते, नुसते जाड खवले धरतात. साध्या खरजेत अंगावर १०-१५ किडे असतात, इथे हजारो.

उपचारानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यासाठी रोज मलम फासत बसू नये.