ट्रॅफल्गर स्क्वेअर : पायऱ्या आणि जर्दाळूची बाग

लंडनच्या ट्रॅफल्गर स्क्वेअरची उत्तर बाजू २००३ साली वाहनांना बंद झाली. नॅशनल गॅलरी आणि चौक यांच्यामधला रस्ता जाऊन तिथे फरसबंदी आली. उत्तरेकडच्या तटासारख्या भिंतीचा मधला भाग फोडून रुंद पायऱ्या खाली उतरवल्या गेल्या. आराखडा नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाचा. तोवर हा चौक म्हणजे वाहनांचा वेढा पडलेले बेट होते. वाहतूक-नियोजनाच्या पुस्तकात ही हकीकत इथेच संपेल. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र एक जुना प्रश्न पुन्हा दिसू लागतो : या चौकात पायी येणारा माणूस कधी हवासा होता, आणि कधी नकोसा?

चार्ल्स बॅरीने १८४० च्या दशकात उतार कापून हा चौक सपाट केला. १८४५ साली कारंजी आली. त्यांच्या प्रशस्त हौदांमुळे जमावाला उभे राहायला जागा कमी उरावी, हाही हेतू त्यामागे होता असे सांगितले जाते. हेतू खरा असेल तर तो साफ फसला, कारण तीनच वर्षांनी, मार्च १८४८ मध्ये, इथे दंगल उसळली.

१३ नोव्हेंबर १८८७ चा रविवार तर ‘रक्तरंजित रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. बेकारी आणि आयर्लंडमधली दडपशाही यांच्या निषेधार्थ चौकाकडे निघालेले मोर्चे पोलिसांनी लाठ्यांनी मोडून काढले. मागे लष्करही उभे होते. त्या मोर्चेकऱ्यांत विल्यम मॉरिस होता, बर्नार्ड शॉ होता आणि ॲनी बेझंटही होत्या. (याच बेझंटबाई पुढे १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या; त्यांच्या राजकारणाची एक शाळा या फरशीवर भरली होती, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.) त्यानंतर १८९२ पर्यंत चौकात सभांना बंदी राहिली.

बंदी चालू असतानाच, १८९० साली, मॉरिसची ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक भविष्यातल्या लंडनमध्ये फिरताना या जागी येतो, तेव्हा तिथे जर्दाळूची बाग बहरलेली असते. ही निव्वळ रम्य कल्पना नव्हे. पुढे एक वृद्ध त्याला सांगतो, की क्रांतीच्या काळात याच चौकात निःशस्त्र जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या होत्या. बाग उगवते ती त्या स्मृतीच्या जागेवर. मॉरिसने चौक पादचाऱ्यांना परत दिला खरा, पण रक्ताचा हिशेब पुसून नव्हे.

२००३ च्या आराखड्यात असा हिशेब शोधणे कदाचित अन्यायाचे होईल. तो प्रश्न पुतळ्यांच्या निमित्ताने आधीच निघाला होता. महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी २००० साली दक्षिणेकडचे दोन सेनापती हलवावेत असे सुचवले; ते कोण हे लोकांना ठाऊकच नाही, हे त्यांचे कारण. त्यांतला एक सिंध जिंकणारा नेपिअर. दुसरा हॅवलॉक, ज्याने जुलै १८५७ मध्ये कानपूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. लंडनकराला तो अनोळखी असेल. मराठी वाचकाला त्याचे नाव इतके परके नसावे. पुतळे हलले नाहीत. नव्या पायऱ्यांवर दक्षिणेकडे तोंड करून बसले, तर डाव्या हाताला पलीकडच्या कोपऱ्यात हॅवलॉक आजही उभा दिसतो. बसायला कुणाची आडकाठी नाही. सभा घ्यायची असेल तर मात्र महापौरांच्या यंत्रणेची पूर्वपरवानगी लागते.