अर्धं उत्तर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. रोह्यात पाऊस थांबायचं नाव घेत नाही, कुंडलिका दुथडी भरून वाहते आहे. बाहेर पडणं बंद झालं की मला शाळेतले दिवस आठवतात, आणि त्याबरोबर एक जुनी चूकही.

इतिहासाच्या तासाला पंडिता रमाबाई शिकवताना मी त्यांचं संस्कृत पांडित्य, शारदा सदन, विधवांचं शिक्षण एवढं सांगायचो. धर्मांतर एका वाक्यात उरकायचो. वर्गात वाद नको, हा विचार. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, एवढ्या मुलींना जेवायला कोण घालायचं?" मी म्हणालो, "देणग्या यायच्या." उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं आज लिहितो.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा करत, पुराण सांगत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. घरात शास्त्रं होती, पण हातांनी पोट भरण्याचं काम कुणाला येत नव्हतं. ही खंत पुढे रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ साली वादळ उठलं. 'केसरी'ने झोड उठवली, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचीही बाजू होती. त्यांनी मुली शिकायला पाठवल्या होत्या, धर्म बदलायला नव्हे.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. अमेरिकेतून येणारी मदत उच्चवर्णीय विधवांच्या सदनासाठी होती. या मुलींसाठी ठरलेला पैसा नव्हता. इंग्लंडात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने कुणाकडे पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलं वाढवली होती. त्याचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. त्याच वाटेने दौंडजवळच्या केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

रोज दोन्ही वेळा एवढी ताटं! आपल्या घरी चार पाहुणे जास्त आले तरी आपण डब्यात वाकून बघतो.

पण त्यांचा भरवसा हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. 'देव देईल' म्हणणारी ही बाई विहिरीही खणून घेत होती. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुलींना शिकवलं. आपल्या आईबापांना जे येत नव्हतं, ते या मुलींच्या हातांत दिलं. मला तर वाटतं, देवाचा चांगुलपणा त्यांना त्या कामातच भेटत असावा.

आणि त्यांना दुःख चुकलं असंही नाही. पती दीड-दोन वर्षांच्या संसारानंतर गेले होते. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमाही गेली. तेव्हा रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते त्यांनी पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

मी धावीर महाराजांपुढे हात जोडणारा माणूस. रमाबाईंचा धर्म माझा नाही. पण त्यांची श्रद्धा वगळून त्यांचं काम शिकवणं म्हणजे विहीर दाखवायची आणि झरा लपवायचा.

असो. त्या मुलीला आता नातवंडंही असतील. कधी हे वाचलंस तर बाळ, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे. उशिराबद्दल माफ कर.